रिहर्सलला सुरात, कॉन्सर्टला बेसूर: जुन्या वाद्यांच्या ग्रुपचं नेहमीचं दुखणं

प्रॉब्लेम असा आहे. चार-पाच जणांचा ग्रुप, वाद्यं सगळी जुन्या धाटणीची, म्हणजे लाकडी ट्रॅव्हर्सो (जुन्या धाटणीची आडवी बासरी), तातीच्या, म्हणजे आतड्याच्या, तारा लावलेलं बरोक व्हायोलिन, व्हायोला द गांबा (चेलोसारखं, पण पडदे असलेलं) आणि हार्प्सिकॉर्ड (पियानोच्या आधीचं, तारा छेडणारं कीबोर्ड वाद्य). दुपारी तालमीला सगळं मस्त जुळलेलं असतं, संध्याकाळी लोक येऊन बसतात, पहिला पीस बरा जातो, दुसऱ्यापासून काहीतरी खटकायला लागतं आणि इंटरव्हलपर्यंत बासरी वर गेलेली, हार्प्सिकॉर्ड खाली उतरलेलं आणि व्हायोलिनवाली बिचारी कोणाचं ऐकू म्हणून दोघांच्या मधे लटकलेली. मग आत जाऊन एकमेकांच्या कानांवर शंका. आणि पुढच्या कॉन्सर्टला परत तेच.

मी इकडे नेदरलँड्समध्ये एका हौशी ग्रुपमध्ये हार्प्सिकॉर्ड वाजवते. इथे हिवाळ्यातले कार्यक्रम बहुतेक जुन्या दगडी चर्चमध्ये होतात, त्यामुळे हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे. खालचं सगळं त्यावरचंच आहे, टेलेमान या अठराव्या शतकातल्या जर्मन संगीतकाराचे पॅरिसवाले क्वार्टेट वाजवणारा चार जणांचा ग्रुप डोळ्यापुढे ठेवून. ते १७३८ मध्ये पॅरिसला छापले गेले, आणि बासरी, व्हायोलिन, गांबा, हार्प्सिकॉर्ड असा जो संच त्यात लागतो तो हवामानाच्या दृष्टीने सगळ्यात त्रासदायक संच आहे, का ते पुढे येईलच.

आधी हे बघा की नक्की काय बिघडलंय

कारण "बेसूर वाटतंय" या एका तक्रारीखाली दोन वेगळी दुखणी असतात आणि दोन्हीवर औषध वेगळं. एक म्हणजे वाद्यं खरोखर सरकली आहेत. दुसरं म्हणजे वाद्यं जागच्या जागी आहेत पण टेंपरामेंट, म्हणजे सप्तक वाटून घेण्याची पद्धत, त्या पीसला जुळत नाहीये किंवा प्रत्येकाने वेगवेगळी धरली आहे. ओळखायची पद्धत सोपी आहे. थांबा, हार्प्सिकॉर्डवर साधा सी मेजर कॉर्ड धरा आणि बाकीच्यांनी त्यातला आपापला सूर लांब लावा. तो कॉर्डच घाण वाटला तर पिच सरकलंय. तो गोड लागला आणि फक्त एफ शार्प मेजर किंवा बी मेजर आला की अंगावर काटा येतोय, तर खुंट्यांना हात लावू नका, कोणी काही सरकवलेलं नाहीये.

हे दुसरं आधी संपवते, कारण ते कागदावर सुटतं.

आपल्याकडे तंबोऱ्यावर कान तयार झालेल्यांना हे पटकन कळेल. खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो षड्जापासून ३८६ सेंटवर असतो (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). आजच्या पियानोचा, हार्मोनियमचा गंधार ४०० वर, म्हणजे १४ सेंट चढा. सोळाव्या-सतराव्या शतकातली क्वार्टर कॉमा मीनटोन पद्धत त्या स्वयंभू गंधारासाठीच बनलेली, तिच्यात आठ मेजर थर्ड (षड्ज-गंधार अंतरं) अगदी शुद्ध मिळतात, पण त्याची किंमत म्हणून पंचम ७०२ ऐवजी साधारण ६९६.५ ला आणावा लागतो आणि एक पंचम, जी शार्प ते ई फ्लॅट, इतका फाटतो की त्याला लांडगाच म्हणतात. या पद्धतीत जी शार्प आणि ए फ्लॅट हे दोन वेगळे सूर, त्यांच्यात ४१ सेंटचं अंतर, आणि पट्टी मात्र एकच. म्हणजे सुरुवातीच्या सतराव्या शतकातली इटालियन सोनाटा वाजवताय आणि मधेच ए फ्लॅट आला तर तो बेसूर लागणारच. त्या पीसपुरत्या त्या नावाच्या सगळ्या सप्तकांतल्या पट्ट्या खाली-वर करून घ्यायच्या, दोन मिनिटांचं काम आहे. फक्त कार्यक्रमाचा क्रम असा लावा की हे एकदाच करावं लागेल, नाहीतर लोक तुमचं ट्यूनिंगच ऐकत बसतील.

अठराव्या शतकातल्या संगीतासाठी बरेच ग्रुप वालोट्टी नावाची टेंपरामेंट वापरतात, आम्हीही. त्यात एफपासून बीपर्यंतचे सहा पंचम जवळपास ४ सेंट आत दाबलेले आणि उरलेले सहा शुद्ध. परिणाम असा की सी, एफ, जी मेजरचे थर्ड ३९२, म्हणजे पियानोपेक्षा बरेच गोड, आणि एफ शार्प, बी, सी शार्प मेजरचे ४०८, पियानोपेक्षाही ८ सेंट वाईट. आता टेलेमानचा चौथा क्वार्टेट आहे बी मायनरमध्ये. बी मायनरचा डॉमिनंट, म्हणजे पाचव्या सुरावरचा कॉर्ड, कुठला? एफ शार्प मेजर. दर चार-आठ बारला तो येतो आणि दर वेळी हार्प्सिकॉर्डवर ए शार्प टोचतो, आणि दर वेळी बासरीवाल्याकडे सगळे बघतात, त्याची काहीही चूक नसताना. उपाय: हार्प्सिकॉर्डवाल्यांनी त्या कॉर्डमधला थर्ड वाजवूच नये. खर्जावर नुसता पंचम आणि सप्तक ठेवा, थर्ड व्हायोलिन किंवा बासरीकडे असतोच, ते तो हवा तितका खाली घेतील. कंटिन्युओमध्ये (लिहिलेल्या बासवर कीबोर्डने कॉर्ड भरत जायचं ती साथ) कुठले सूर घ्यायचे हे आपल्या हातात असतं, आणि ते स्वातंत्र्य खरंतर अशाच वेळी कामाला येतं.

ॲपचा घोळ

हा प्रकार इतक्या वेळा बघितलाय की वेगळा लिहावासा वाटतो. सगळ्यांच्या फोनवर ट्यूनर आहे, सगळ्यांनी ४१५ (म्हणजे ए ४१५ हर्ट्झला) टाकलंय, सगळ्यांनी वालोट्टी निवडलंय, तरी दोघांचे ए जुळत नाहीत. सेटिंगमध्ये खाली एक गोष्ट असते, टेंपरामेंट कुठल्या सुरापासून मोजायचं. एकाच्या ॲपमध्ये सी शून्यावर धरलेला असतो, दुसऱ्याच्या ॲपमध्ये ए. वालोट्टीत या दोन्हींमध्ये जवळपास ६ सेंटचा फरक पडतो, म्हणजे पहिल्याचा ए ४१५ नसतोच, थोडा खालीच असतो. सगळ्यांनी ए धरा. किंवा त्याहून बरं, फोन खिशात ठेवा आणि हार्प्सिकॉर्डवरून घ्या, कारण शेवटी जुळवायचं त्याच्याशीच आहे, फोनशी नाही.

मोकळ्या तारा

व्हायोलिन, चेलो वाजवणाऱ्यांना लहानपणापासून सवय असते की ए घ्यायचा आणि बाकीच्या तारा पंचमाने कानाने लावायच्या, शुद्ध, एकही ठोका (सूर न जुळल्यावर होणारी थरथर) ऐकू येणार नाही अशा. एकट्याने वाजवायला उत्तम. पण हार्प्सिकॉर्डचे पंचम दाबलेले आहेत. ग्रुपमध्ये चेलो असेल तर ए पासून डी, जी, सी असे तीन शुद्ध पंचम खाली गेल्यावर त्याची सीची तार वालोट्टीच्या सीपेक्षा जवळपास १२ सेंट खाली जाते, आणि मीनटोन असेल तर १६. बासच्या मोकळ्या तारेवर १२ सेंट म्हणजे गंमत नाही, वरचे सगळे त्याच्यावर उभे असतात. म्हणून प्रत्येक मोकळी तार हार्प्सिकॉर्डवरून वेगळी घ्यायची. कीबोर्डवाल्यांनी एकच ए देऊन मोकळं व्हायचं नाही, डी, जी, सी, ई सगळे द्यायचे, सावकाश, आणि तेवढा वेळ बाकीच्यांनी गप्प बसायचं. (हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे. बासरीवाल्यांना शांतता सहन होत नाही.)

गांबावर पडदे पण आहेत. ते तातीचेच, गळ्याभोवती गाठ मारून बांधलेले, सतारीसारखे सरकवता येतात. मोकळ्या तारा जुळल्या पण पहिल्या पडद्यावरचे सूर खटकतायत तर पडदा सरकवा, तार नको. पहिला पडदा एका तारेवर शार्पचं काम करतो आणि दुसरीवर फ्लॅटचं, दोन्ही एकदम कधीच पूर्ण बरोबर येत नाही, त्या पीसमध्ये जास्त काय लागतंय ते बघून ठरवायचं. कोरड्या हवेत पडदे ढिले होऊन आपोआप घसरतात, ते तालमीच्या सुरुवातीलाच बघून घ्या.

आता खरं सरकणं

इथे मुख्य गोष्ट ही की हॉल तापला की सगळी वाद्यं सरकतात, पण एका दिशेने नाही. हे कळलं की अर्धी भांडणं मिटतात.

बासरी वर जाते. तापमान एक अंश वाढलं की हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटरने वाढतो, २० अंशांना तो ३४३ च्या आसपास असतो, म्हणजे दर अंशामागे सूर जवळजवळ ३ सेंट चढतो. ट्रॅव्हर्सो, रेकॉर्डरच्या (उभ्या लाकडी बासरीच्या) नळीत वाजवणाऱ्याचा गरम श्वास असतो म्हणून खोलीचा परिणाम थोडा कमी होतो, पण दिशा तीच, वर.

हार्प्सिकॉर्ड खाली जातं. तारा पितळेच्या आणि लोखंडाच्या, तापल्या की पसरतात, ताण कमी होतो, सूर उतरतो. तारा बारीक असल्यामुळे हे काही मिनिटांत होतं, वरून थेट दिवा पडत असेल तर अजून लवकर. मात्र दमटपणाचा हिशोब उलटा आणि संथ. साउंडबोर्डचं लाकूड ओलावा पिऊन फुगतं, वर उचललं जातं, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो, पण याला काही तास ते काही दिवस लागतात. म्हणून संध्याकाळी उतरलेलं हार्प्सिकॉर्ड दोन दिवसांनी चढलेलं सापडलं तर गोंधळून जाऊ नका, दोन वेगळी कारणं आहेत.

तात कुठेही जाते. मेंढीच्या किंवा गायीच्या आतड्यापासून केलेली ही तार हवेतला ओलावा ओढते, त्याने जड होते, म्हणजे सूर उतरायला हवा, पण पीळ दिलेली असल्यामुळे फुगली की ताणली पण जाते, म्हणजे सूर चढायला हवा. दोघांपैकी कोण जिंकेल ते तारेची जाडी, पीळ किती घट्ट, तेल लावलंय का, नवी की जुनी, यावर. त्यामुळे "पाऊस आला की तात चढते" असली सूत्रं पाठ करू नका. आपल्या वाद्यावरची कुठली तार कुठे जाते ते एकदा बघून लिहून ठेवा, ती तार बदलेपर्यंत ते खरं असतं.

आणि हिवाळ्यातली चर्च म्हणजे या सगळ्याची प्रयोगशाळा. बाहेर शून्य अंश, हवा ९० टक्के ओली, पण तीच हवा आत घेऊन २० अंशांना तापवली की आर्द्रता २५ टक्क्यांच्या खाली येते, वाद्यांना ४५ ते ५५ हवी असते. दुपारी तालमीला हीटर कमी, १५-१६ अंश, सगळे कोट घालून वाजवतात. संध्याकाळी लोक यायच्या आधी हीटर फुल, मग दोनशे माणसं ओले कोट घेऊन येतात आणि श्वास सोडत बसतात. म्हणजे आधी कोरडं, मग गरम, मग दमट, तीन तासांत. मुंबईत भर पावसाळ्यात कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी एसी लावणारे हॉल हाच खेळ उलट्या दिशेने करतात, थंड झालं की बासरी खाली आणि हार्प्सिकॉर्ड वर.

मग करायचं काय

पहिलं म्हणजे तापमान आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर विकत घ्या, फार महाग नसतो, आणि तो हार्प्सिकॉर्डजवळ ठेवा. तालमीच्या सुरुवातीला, कॉन्सर्टच्या आधी, इंटरव्हलला आकडे लिहा. बेसूर वाटलं की कोणाच्या कानात दोष आहे यावर चर्चा करण्याआधी तो कागद बघायचा. चार अंश वाढले असतील तर काय कुठे गेलंय ते वाजवून न बघता सांगता येतं.

दुसरं, हॉलवाल्यांशी बोलून घ्या. ही गोष्ट संगीताची वाटत नाही म्हणून कोणी करत नाही, पण सगळ्यात जास्त फरक हिनेच पडतो. कॉन्सर्टला जे तापमान असणार ते दुपारपासून हवंय, दिवे पण तालमीपासून लावलेले हवेत, हे आधी फोन करून सांगायचं. बऱ्याच चर्चमध्ये गरम हवा जमिनीतल्या जाळीतून येते, हार्प्सिकॉर्ड तिच्यावर आलं तर त्या दिवशी काही खरं नाही. जागा फूटभर सरकवायला कोणी हरकत घेत नाही, जाळीवर ठेवून मग रडण्यापेक्षा ते बरं.

तिसरं, कोणी कोणाशी जुळवायचं हे आधीच ठरलेलं असू दे. माझं मत स्पष्ट आहे: जे वाद्य लवकर बदलता येत नाही ते मालक. ट्रॅव्हर्सोला मधले तुकडे कमी-जास्त लांबीचे मिळतात, पण प्रत्येक तुकड्याने पिच एकदम मोठी उडी मारतं, बारीक फरकासाठी जोड थोडा ओढायचा एवढंच, आणि फार ओढला तर सप्तकं बिघडतात. त्यामुळे गरम हॉलमध्ये बासरी आरामात कुठे बसते ते बघा आणि हार्प्सिकॉर्ड तिथे लावा. ती ४१७ ला बसत असेल तर हार्प्सिकॉर्ड दुपारीच ४१७ ला. ४१५ हा आकडा काही देवाने दिलेला नाहीये, आजच्या ४४० पासून बरोबर एक अर्धा सूर खाली म्हणून सोयीसाठी ठरलेला आहे, म्हणजे कीबोर्ड एक पट्टी सरकवला की दोन्ही पिचवर वाजवता येतं. अठराव्या शतकात गावोगावी पिच वेगळं असायचं, बासरीवादक क्वांट्झ १७५२ मध्ये त्याबद्दल कुरकुर करून गेलाय. आपण दोन हर्ट्झ वर गेलो म्हणून कोणी पकडून नेणार नाही.

चौथं फक्त हार्प्सिकॉर्डवाल्यांसाठी. दोन आठ फुटी (नेहमीच्या पिचचे) आणि एक चार फुटी (एक सप्तक वरचा) असे तारांचे तीन संच असतील आणि हॉल भरवशाचा नसेल तर त्या दिवशी एकाच आठ फुटीवर वाजवा. इंटरव्हलमध्ये एक संच नीट होतो, तीन होत नाहीत, आणि दोन संच एकमेकांपासून दोन-तीन सेंट सरकले की प्रत्येक सूर थरथरतो, ते बासरीपासून सहा सेंट लांब असण्यापेक्षा वाईट ऐकू येतं. चार फुटी तर अशा दिवशी बंदच ठेवा. इंटरव्हलमध्ये पहिल्यापासून सगळं लावायला घेऊ नका, मधल्या सप्तकातले पंचम तपासा, जे हललेत तेवढेच दुरुस्त करा, मग सप्तकं. बहुतेक वेळा सगळं मिळून सारखंच उतरलेलं असतं आणि आतली नाती शाबूत असतात. तसं असेल आणि फरक चार-पाच सेंटचा असेल तर तुम्ही काहीच करू नका, बाकीच्यांना खाली यायला सांगा, व्हायोलिन आणि गांबाला अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि बासरीवाला ओठ थोडा आत वळवून येतो.

बासरीवाल्यांची एक सवय मात्र बघा. चाळीस बार विश्रांती असली की वाद्य मांडीवर आडवं टाकून बसतात, नळी गार होते आणि पुढची एंट्री खाली लागते, मग चार बारमध्ये परत वर. ही चूक पिचची नाही, मांडीची आहे. हात नळीवर गुंडाळून ठेवा, एंट्रीच्या आधी आवाज न करता आत गरम हवा सोडा. रेकॉर्डर असेल तर सुरुवातीला काखेत किंवा कोटाच्या आतल्या खिशात, आणि वाऱ्याच्या वाटेत पाणी जमून आवाज घोगरा झाला तर तेही गार लाकडामुळेच.

तातीबद्दल अजून थोडं

नवी तार कॉन्सर्टच्या दिवशी लावू नका, दोन-तीन दिवस ताणत राहते. जुनी तार सारखी खाली-वर होतेय असं वाटलं तर आधी ती तारच बिघडली नाही ना ते बघा: अर्ध्यावर हलकं बोट ठेवून सप्तकाचा सूर काढा, मग त्याच जागी दाबून काढा. दोन्ही जुळले नाहीत तर तार आतून असमान झालीये, ती कुठल्याच हवेत सुरात येणार नाही, काढून टाका. केस निघायला लागले तर ओढू नका, कात्रीने जवळून कापा आणि बदामाच्या तेलाचा हलका हात फिरवा. खुंटी कोरड्या हवेत सुटते आणि दमट हवेत अडकते, तंबोऱ्याला जवारीजवळ मणी असतात तशी सोय इथे नाही, सगळं खुंटीवरच, म्हणून ती गुळगुळीत फिरली पाहिजे. सुटत असेल तर थोडा खडू, अडकत असेल तर थोडा साबण. कार्यक्रम सुरू व्हायच्या वेळी हे सुचतं, ते आदल्या दिवशी करा.

थिओर्बो (लांब मानेचं ल्यूटसारखं तंतुवाद्य) ग्रुपमध्ये असेल तर चौदा तारा आणि तितकीच दुखणी. बरेच जण आता नायलगटसारख्या कृत्रिम तारा लावतात, त्यांना दमटपणाचं फारसं काही वाटत नाही, उष्णता मात्र कळते. आवाजावरून वाद घालणारे घालू देत, ज्या ग्रुपला महिन्यात एकदाच भेटून वाजवायचंय त्याने निमूट कृत्रिम लावाव्यात असं मला वाटतं.

चेस्ट ऑर्गन आणि हार्प्सिकॉर्ड एकत्र

चेस्ट ऑर्गन, म्हणजे हलवता येणारा छोटा नळ्यांचा ऑर्गन, हार्प्सिकॉर्डबरोबर वाजवायचा कसा, हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि याचं उत्तर कोणाला आवडत नाही. ऑर्गनच्या नळ्यांत खोलीचीच हवा असते, गरम श्वास नाही, त्यामुळे तो दर अंशाला पुरेपूर ३ सेंट वर जातो. १६ अंशांना ४१५ ला लावलेला ऑर्गन २१ अंशांना ४१८ च्या पुढे. तेवढ्याच वेळात हार्प्सिकॉर्ड खाली गेलेलं असतं. दोघं एकाच कंटिन्युओत, एकाच बासवर, आणि मधलं अंतर २० सेंटच्या वर सहज जातं. ऑर्गन हॉलमध्ये उभ्या उभ्या लावता येत नाही, म्हणून मालक तोच, आणि हार्प्सिकॉर्ड प्रत्येक वेळी त्याच्याशी जुळवायचं, तेही हॉल पूर्ण तापल्यावर, म्हणजे लोक आत यायला लागले तरी तुम्ही ट्यूनिंगची किल्ली घेऊन वाकलेलेच असणार, लाज सोडा. ते शक्य नसेल तर दोन्ही एकाच पीसमध्ये वाजवू नका. पहिला अर्धा ऑर्गनवर, दुसरा हार्प्सिकॉर्डवर, इंटरव्हलमध्ये व्हायोलिन आणि गांबा नव्या मालकाकडून सूर घेतात, आणि बासरीवाला दुसऱ्या अर्ध्यात जोड थोडा ओढून बसतो.